निकृष्ट फळांपासून बुरशी-किण्वनाने सेंद्रिय आम्लांची निर्मिती

बाजारात विक्रीयोग्य न ठरलेल्या फळांतील शर्करेवर निवडक बुरशी वाढवून तिच्याकडून सायट्रिक, ग्लुकॉनिक, लॅक्टिक, फ्यूमॅरिक यांसारखी सेंद्रिय आम्ले तयार करवून घेण्याच्या प्रक्रियेस बुरशी-किण्वनाने होणारी सेंद्रिय आम्लनिर्मिती असे म्हणतात. आकाराने लहान, डागाळलेली, गळून पडलेली किंवा वाहतुकीत दबलेली फळे, तसेच रस काढल्यानंतर उरणारी साल व चोथा हा या प्रक्रियेचा कच्चा माल होय. ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी या कामी सर्वाधिक वापरली जाते. महाराष्ट्रात विदर्भातील संत्री, नाशिक व सांगली भागांतील द्राक्षे, जळगावची केळी आणि कोकणातील काजूची बोंडे यांच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे.

‘निकृष्ट फळ’ म्हणजे काय

निकृष्ट फळ आणि सडके फळ यांत फरक करणे आवश्यक आहे. विदर्भाच्या बाजारात लहान आकाराच्या संत्र्याला ‘चुरी’ म्हणतात. चुरीची गोडी मोठ्या फळाहून फारशी कमी नसते. ग्राहकाला ती टोपलीत शोभत नाही एवढाच तिचा दोष. तीच गोष्ट ‘कोळशी’ने काळवंडलेल्या संत्र्याची. काळ्या माशीची पिल्ले पानांतील रस शोषून चिकट स्राव टाकतात, त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते आणि साल काळी पडते. आतील फोडी मात्र शाबूत असतात. अशा फळांतील शर्करा जशीच्या तशी असते आणि किण्वनासाठी तीच हवी असते.

याउलट हिरव्या किंवा निळ्या बुरशीने सडलेले संत्रे या कामासाठी निरुपयोगी असते. त्यातील शर्करा पेनिसिलियम जातीच्या बुरशींनी आधीच खाऊन टाकलेली असते, आणि त्या बुरशी नव्याने सोडलेल्या उपयुक्त बुरशीशी स्पर्धा करतात. काही रानबुरशी विषारी द्रव्येही निर्माण करतात. म्हणून ‘फेकून देण्याऐवजी काहीही टाकीत घालावे’ ही समजूत चुकीची आहे.

विदर्भात संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळे साधारणपणे ऑक्टोबरपासून निघू लागतात, तर पावसाच्या आरंभी फुलणाऱ्या मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात. आंबिया बहाराला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळगळीचा मोठा फटका बसतो. संततधार पाऊस, मुळांजवळ साचलेले पाणी, बुरशीजन्य रोग आणि रस शोषणारे पतंग ही त्याची प्रमुख कारणे. झाडाखाली पडलेला हा हिरवट सडा पाहून तो उद्योगाला द्यावा असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु या अपक्व फळांत शर्करा कमी असते. सालीतील पेक्टिनसाठी त्यांचा उपयोग होऊ शकेल, आम्लासाठी ती दुय्यमच ठरतात.

भावाच्या बाबतीत हे पीक किती परावलंबी आहे, ते बांगलादेशाच्या उदाहरणावरून दिसते. नागपुरी संत्र्याचा हा मोठा ग्राहकदेश. २०१९ नंतर त्याने आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टका झाले. निर्यात अडली की चांगला माल देशी बाजारात उतरतो, आणि त्याच्या दडपणाखाली चुरीचा भाव तोडणीच्या मजुरीइतकाही उरत नाही. प्रक्रिया उद्योगाची मागणी अशा वेळी जोरात पुढे येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शील याने १७८४ मध्ये लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे शतकभर हे आम्ल लिंबापासूनच मिळत असे. रसात चुना मिसळून कॅल्शियम सायट्रेटचा साका बनवायचा व तो युरोप-अमेरिकेतील कारखान्यांना विकायचा, हा सिसिली बेटावरील मोठा धंदा होता आणि त्यावर इटलीची जवळजवळ मक्तेदारी होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सिसिलीत आम्ल फळातच तयार होते, ते केवळ वेगळे काढले जाई. बुरशी-किण्वनात फळातील साखरेचे आम्ल बनवले जाते. दोन्ही प्रक्रियांत फळ व आम्ल हे शब्द येतात म्हणून अनेकदा त्यांची गल्लत होते.

बुरशीकडून आम्ल मिळते हे प्रथम वेगळ्याच आम्लाबाबत लक्षात आले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप व्हान टीगेम याने १८६७ मध्ये दाखवले की, मायफळासारख्या टॅनिनयुक्त पदार्थांचे आंबून गॅलिक आम्ल होते ते बुरशीमुळे. ॲस्परजिलस नायजर हे नावही त्यानेच दिले. टॅनिनयुक्त फळ म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेला हिरडा याच वर्गात मोडतो. भीमाशंकर, जुन्नर, अकोले या डोंगराळ भागांत महादेव कोळी समाज बाळहिरडा गोळा करतो, आणि त्यातील टॅनिनापासून गॅलिक आम्ल मिळवण्यासाठी आजही हीच बुरशी किंवा तिचे टॅनेझ हे विकर वापरता येते.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल वेमर याने १८९३ मध्ये साखरेच्या द्रावणावर वाढणारी एक बुरशी सायट्रिक आम्ल सोडते असे नोंदवले. त्याने तिला सिट्रोमायसिस असे नाव दिले. आज ती पेनिसिलियम प्रजातीत गणली जाते. कारखाना काढण्याचे त्याचे प्रयत्न मात्र फसले. किण्वनास फार दिवस लागत आणि मधेच दुसरे सूक्ष्मजीव शिरकाव करत.

ही अडचण अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स करी याने दूर केली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधाचे सार असे की, ॲस्परजिलस नायजरला भरपूर साखर व अतिशय आम्लधर्मी माध्यम दिल्यास ती उत्तम वाढते, पुष्कळ सायट्रिक आम्ल देते, आणि त्या आंबटपणात इतर जीवाणू तग धरत नाहीत. ज्या आंबटपणामुळे बुरशी मरेल अशी भीती होती, तोच तिचा रखवालदार ठरला. फायझर कंपनीने १९१९ मध्ये ब्रुकलिन येथे या पद्धतीने उत्पादन सुरू केले आणि पुढील काही वर्षांत लिंबावर आधारलेला सिसिलीचा व्यापार खालावत गेला. या कारखानदारीत मिळालेला टाकी-किण्वनाचा अनुभव दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी कामी आला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना त्याच तंत्राच्या परंपरेतील म्हणता येईल.

ग्लुकॉनिक आम्ल ॲस्परजिलस नायजरपासून मिळते हे मोलियार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये दाखवले. फळांच्या टाकाऊ भागांकडे संशोधकांचे पद्धतशीर लक्ष गेले ते बऱ्याच नंतर. कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा येथील केंद्रात हँग व वुडॅम्स यांनी १९८४ मध्ये सफरचंदाच्या चोथ्यापासून सायट्रिक आम्ल मिळवल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर द्राक्षांचा चोथा, किवीची साल, अननसाचे अवशेष, अंजीर, संत्र्याची साल असे अनेक पदार्थ तपासले गेले.

बुरशी आणि तिचे कार्य

कांद्याच्या बाहेरच्या सालीखाली काळी पूड आढळते, ती बहुधा ॲस्परजिलस नायजर किंवा तिच्या निकटच्या जातीची असते. ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. ॲस्परजिलस हे नाव मिकेली या इटालियन धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये दिले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा बीजाणूधारी तुरा त्याला चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला.

सजीव पेशी साखरेपासून ऊर्जा मिळवताना सायट्रिक आम्ल तयार करतातच. मानवी पेशीही त्यास अपवाद नाहीत. परंतु ते पुढच्या पायरीवर लगेच वापरले जाते, साठत नाही. बुरशीने ते साठवावे व बाहेर टाकावे यासाठी तिची जाणूनबुजून कोंडी करावी लागते. साखर भरपूर, प्राणवायू भरपूर, पण वाढीसाठी लागणारा नायट्रोजन, फॉस्फरस आणि विशेषतः मँगनीज अत्यल्प, अशी ती परिस्थिती असते. मँगनीजचा अंश अब्जात काही भाग एवढा वाढला तरी उत्पादन घसरते. बुरशीला साखर मिळत राहते, पण त्या साखरेतून नवे शरीर उभारण्याचे साहित्य तिच्यापाशी नसते. तेव्हा साखरेचे अर्धवट ज्वलन होऊन सायट्रिक आम्ल बाहेर पडते. पायरुव्हिक आम्लाचा एक भाग कर्बवायू गमावतो व दुसरा भाग तोच कर्बवायू पुन्हा बांधून घेतो, त्यामुळे साखरेतील कार्बन फारसा वाया जात नाही. म्हणूनच या प्रक्रियेचा उतारा एवढा चांगला असतो.

रासायनिक हिशेबाने ग्लुकोजचा एक रेणू आणि प्राणवायूचे दीड रेणू यांपासून सायट्रिक आम्लाचा एक रेणू व पाण्याचे दोन रेणू मिळतात. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून तत्त्वतः १९२ ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल मिळावे. प्राणवायूची भर पडत असल्याने आम्लाचे वजन साखरेपेक्षा अधिक येते, याचे विद्यार्थ्यांना अनेकदा आश्चर्य वाटते. प्रत्यक्षात काही साखर बुरशीच्या वाढीत व श्वसनात जाते.

माध्यमाची आम्लता दर्शवणारा सामू (पीएच) कोठे ठेवला, यावर कोणते आम्ल मिळेल हे ठरते. सामू ३च्या खाली असेल तर सायट्रिक आम्ल मिळते. तो ५.५ ते ६.५च्या आसपास राखला तर त्याच बुरशीचे ग्लुकोज ऑक्सिडेझ हे विकर कार्यरत राहते आणि ग्लुकॉनिक आम्ल मिळते. त्यासाठी कॅल्शियम कार्बोनेटसारखे पदार्थ घालून आम्लता मारत राहावे लागते. दुर्लक्ष झाल्यास याच टप्प्यात ऑक्झॅलिक आम्लही तयार होते, आणि ते विषारी असल्याने खाद्य उत्पादनात त्याचा अंश राहून चालत नाही.

ग्लुकॉनिक आम्लाची आणखी एक मर्यादा फळांच्या संदर्भात महत्त्वाची आहे. हे विकर ग्लुकोजवरच काम करते, फ्रुक्टोजला ते शिवत नाही. द्राक्षाच्या रसात ही दोन्ही जवळजवळ समप्रमाणात असतात, त्यामुळे निम्मी साखर आम्लात जाते व फ्रुक्टोज बरेचसे शिल्लक राहते. तो तोटाच मानला पाहिजे असे नाही, कारण फ्रुक्टोज अधिक गोड असते. मात्र ते वेगळे काढण्याचा खर्च परवडला पाहिजे. ग्लुकॉनिक आम्लाचे कॅल्शियम क्षार औषधांत, तर सोडियम क्षार काँक्रीट लवकर घट्ट होऊ नये म्हणून वापरले जातात.

इतर बुरशींपैकी ऱ्हायझोपस ओरायझी ही लॅक्टिक आम्ल देते. जीवाणूंपासूनही लॅक्टिक आम्ल मिळते (दही हे त्याचे घरगुती उदाहरण), पण ही बुरशी त्याचा एकच प्रकार शुद्ध रूपात देते व जैवविघटनशील प्लॅस्टिकसाठी तसे आम्ल उपयोगी पडते. ऱ्हायझोपसच्या काही वाणांपासून फ्यूमॅरिक आम्ल आणि ॲस्परजिलस टेरियसपासून इटॅकॉनिक आम्ल मिळते. फळांपासून बनणारा शिरका, म्हणजे व्हिनेगर, मात्र या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यात यीस्ट साखरेचे मद्यार्क बनवते आणि मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करण्याचे काम जीवाणू करतात.

निर्मितीची पद्धत

फळे धुऊन, सडकी वेगळी करून रस काढला जातो. रसातील साखर सायट्रिक आम्लासाठी अपुरी असते. कारखान्यात साधारणतः १४ ते २० टक्के शर्करा असलेले माध्यम वापरतात, तर संत्र्याच्या रसात ती ८ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून रस आटवावा लागतो किंवा त्यात गूळ, मळी यांची भर घालावी लागते. फळातील लोह व मँगनीज काढण्यासाठी पोटॅशियम फेरोसायनाइडची किंवा धनायन-विनिमय रेझिनची प्रक्रिया करतात. थोडे मेथॅनॉल मिसळल्यास धातूंचा दुष्परिणाम कमी होतो असेही आढळले आहे. तथापि ते विषारी असल्याने अंतिम पदार्थात राहणार नाही याची काटेकोर खात्री करावी लागते.

किण्वनाच्या तीन रीती आहेत. पृष्ठीय पद्धतीत उथळ थाळ्यांमध्ये द्रावण भरून त्यावर बीजाणू फवारतात. दुधावर साय धरावी तसे कवकजाल पृष्ठभागावर पसरते आणि २८ ते ३० अंश सेल्सियस तापमानात आठ ते बारा दिवसांत आम्ल जमते. ही रीत जुनी, वीज कमी खाणारी, पण मजूर व जागा जास्त मागणारी आहे. निमग्न पद्धतीत मोठ्या बंद टाकीत सतत निर्जंतुक हवा सोडून द्रावण घुसळतात. बुरशी बारीक गोळ्यांच्या रूपात वाढते. जगातील बहुतेक उत्पादन आज असेच होते.

फळांच्या चोथ्यासाठी तिसरी, घन-अवस्था किण्वनाची रीत अधिक सोयीची आहे. ओलसर चोथ्यावर थेट बुरशी वाढवली जाते. वाहते पाणी त्यात जवळजवळ नसते. जपानमधील कोजी बनवण्याच्या परंपरेशी तिचे नाते आहे. या पद्धतीत बुरशी मँगनीज, लोह यांच्या अंशांना तितकीशी संवेदनशील नसते, हा तिचा मोठा लाभ. तोटा असा की, वाढणाऱ्या बुरशीची उष्णता ढिगात कोंडते. प्रयोगशाळेतील चंबूत जे सहज जमते, ते टनभर चोथ्यात जमेलच असे नाही. कंपोस्टच्या खड्ड्यात हात घालून पाहिलेल्या शेतकऱ्याला याचे कारण सांगावे लागत नाही.

संत्र्याच्या सालीबाबत एक खास अडथळा आहे. सालीतील सुगंधी तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो, आणि ते सूक्ष्मजीवांना मारक ठरते. झाडाने फळाच्या रक्षणासाठी घातलेले हे कवच किण्वनापूर्वी वाफेने उडवावे किंवा साल वाळवून कमी करावे लागते. वाफेबरोबर मिळणारे तेल साबण, सुगंधी द्रव्ये व स्वच्छता-द्रावणांसाठी विकले जाऊ शकते, आणि त्याची किंमत अनेकदा आम्लापेक्षा चांगली येते. स्पेनमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घन-अवस्था किण्वनाने कोरड्या सालीच्या प्रत्येक ग्रॅममागे कमाल सुमारे १९३ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल मिळाले. ती साल मोसंबीवर्गीय व्हॅलेन्सिया जातीची होती. नागपुरी संत्र्याची साल सैल व पातळ असते, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू करता येणार नाही.

तयार आम्ल वेगळे काढण्याची कृती आजही बव्हंशी शीलच्याच वाटेने जाते. गाळलेल्या द्रावणात चुना घालून कॅल्शियम सायट्रेटचा साका पाडतात, त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करतात आणि मोकळे झालेले सायट्रिक आम्ल शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवतात. यात एक टन आम्लामागे सुमारे १.३ टन जिप्सम तयार होते. जिथे विल्हेवाटीला जागा नसते तिथे ही डोकेदुखी असते. बुलढाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सोडियमयुक्त जमिनी सुधारण्यासाठी जिप्समच वापरले जाते. तपासणीनंतर ते योग्य ठरल्यास तिथे त्याला मागणी मिळू शकते.

एक टन फळांचा हिशेब

या विषयावरील चर्चेत सर्वांत कमी मांडली जाणारी गोष्ट म्हणजे उतारा. एक टन चुरी संत्र्यापासून ४०० किलो रस निघाला व त्यात ८ टक्के शर्करा आहे असे धरले, तर एकूण शर्करा ३२ किलो होते. तिच्यापैकी वजनाने ७० टक्के आम्ल पदरात पडले, जे चांगल्या कारखान्यातच शक्य आहे, तरी ते २२ किलोंच्या आसपास भरते. उरलेल्या सुमारे ५०० किलो साल-चोथ्यात पाऊणशे ते ऐंशी टक्के पाणीच असते; वाळल्यावर १०० ते १२५ किलो माल राहतो व वरील प्रयोगाचा कमाल दर लावला तर आणखी २० ते २४ किलो आम्ल मिळेल. म्हणजे सर्व काही मनासारखे घडले तरी टनामागे ४५ किलोंपर्यंतच मजल जाते. उसाच्या मळीत जवळपास निम्मी साखर असते. एक टन मळीपासून याच हिशेबाने ३५० किलो आम्ल मिळू शकते.

द्राक्ष व केळी यांची स्थिती बरी आहे. एक टन द्राक्षांपासून ७०० किलो रस व त्यात १८ टक्के शर्करा धरल्यास १२६ किलो शर्करा, म्हणजे सुमारे ८८ किलो आम्ल होते. अवकाळी पावसाने तडकलेली द्राक्षे बेदाण्यालाही चालत नाहीत, तेव्हा हा पर्याय विचारात घेण्याजोगा ठरतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्टाची साखर झालेली असते व गराचा पाचवा हिस्सा शर्करेचा असतो. काजूच्या बोंडात टॅनिन अधिक असल्याने रस आधी निवळावा लागतो. गोव्यात बोंडांची फेणी होते. कोकणच्या महाराष्ट्रातील भागात मात्र ती बहुतांशी बागेतच कुजतात.

जगात दरवर्षी २० लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल बनते आणि त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा आहे. तिथे मका व अन्य पिष्टमय पदार्थांपासून बारमाही उत्पादन चालते. वर्षातून चार-पाच महिने मिळणाऱ्या, पाण्याने भरलेल्या, नाशवंत फळावर उभारलेल्या कारखान्याने त्या भावाशी स्पर्धा करणे कठीण आहे. केवळ सायट्रिक आम्लासाठी संत्रा-प्रकल्प उभारण्याच्या घोषणांकडे म्हणून सावधपणे पाहावे. तेल, पेक्टिन, पशुखाद्य व आम्ल अशी चारही उत्पादने एकाच सालीतून निघणार असतील तर गणित बदलते. ॲस्परजिलस नायजर स्वतःच पेक्टिनेझ हे विकर तयार करते व ते रस निवळण्यासाठी रसउद्योगातच लागते; त्याची किंमत वजनाच्या मानाने आम्लाहून पुष्कळ जास्त असते.

अमडापूर परिसराच्या दृष्टीने

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील मोठे गाव चिखली-खामगाव मार्गावर आहे. सोयाबीन, कापूस, तूर ही या पठारी भागातील मुख्य पिके. विहिरीचे पाणी पुरेल तिथे फळबागा. जिल्ह्यातील संत्र्याच्या बागा सातपुड्याच्या पायथ्याकडील संग्रामपूर-जळगाव जामोद पट्ट्यात अधिक आहेत. अशा गावात पूर्ण आम्ल-कारखाना उभारण्याएवढा माल एका हंगामात गोळा होणे अवघड आहे.

गावपातळीवर होऊ शकणारे काम पहिल्या टप्प्याचे आहे. फळे निवडणे, रस काढणे, साल व चोथा वाळवणे. यात हंगामाचा मोठा फरक पडतो. मृग बहाराची फळे निघतात तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिलचे ऊन असते, साल दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळते आणि ५०० किलो ओल्या मालाचे ११० किलोंच्या आसपास हलके, टिकाऊ पोते-बंद सामान होते. आंबिया बहारात दव व थंडीमुळे तीच साल वाळण्याआधी बुरसटते. त्यासाठी छपराचा वाळवणी-मांडव किंवा यांत्रिक शुष्कक लागतो. ओला चोथा मात्र दूर नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे होय.

तांत्रिक सल्ल्यासाठी अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या जवळच्या संस्था आहेत. किण्वनासाठी लागणारे बुरशीचे शुद्ध, क्रमांकित वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात जतन केलेले आहेत.

सुरक्षितता

सायट्रिक आम्ल हे खाद्यपदार्थांतील मान्यताप्राप्त घटक असून वेष्टनांवर ते आयएनएस ३३० या क्रमांकाने नोंदवलेले असते. शीतपेये, जॅम, गोळ्या-बिस्किटे, औषधे यांत वापरले जाणारे बहुतेक सायट्रिक आम्ल बुरशीपासूनच आलेले असते. गाळणी व स्फटिकीकरणानंतर त्यात बुरशी उरत नाही.

याचा अर्थ कोणतीही काळी बुरशी निर्धोक आहे असा मुळीच नाही. ॲस्परजिलस नायजरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात, आणि तिच्या सोबतीला येऊ शकणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. उद्योगात तपासलेले वाणच वापरतात ते यासाठी. बीजाणूंची पूड श्वासावाटे गेल्यास दमा व ॲलर्जीचा त्रास होतो. आम्ल-कारखान्यांतील कामगारांत हा त्रास नोंदवला गेला आहे. घरी किंवा शाळेत बुरसटलेल्या फळावरून बुरशी घेऊन असा प्रयोग करणे म्हणूनच टाळावे, आणि तसे केलेले द्रावण चाखून तर कधीच पाहू नये. आम्ल आंबट लागते. विषाला मात्र बहुधा चव नसते.

प्रक्रियेतील सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण फार असते. ते ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. जैववायू संयंत्रात त्याची प्रक्रिया करून इंधन मिळवता येते व ते साल वाळवण्यासाठी वापरता येते. उरलेले कवकजाल वाळवून खत म्हणून, किंवा विषद्रव्यांची तपासणी केल्यानंतर पशुखाद्यात मिसळण्यासाठी उपयोगात आणतात.